शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा आणि तळपायांचे मर्दन



घरातील कोणा मनुष्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची असली म्हणजे सर्वांचे लक्ष त्या एका दिवसाकडे लागलेले असते. शस्त्रवैद्य बाहेर येऊन सर्व यथासांग पार पडल्याचे सांगतात आणि मंडळींचा जीव भांड्यात पडतो. परंतु रुग्णाच्या दृष्टीने खरी कसोटी तेथून पुढे सुरू होते. भूल उतरते, टाके ओढू लागतात, कूस बदलता येत नाही, झोप येत नाही आणि रात्र सरता सरत नाही. उशाशी बसलेल्या आप्ताची स्थिती तर याहून चमत्कारिक असते. औषध परिचारिका देते. पाणी विचारल्यावाचून पाजता येत नाही. जखमेस हात लावावयाचा नसतो. काहीतरी करावे असे मनात फार असते आणि करण्यासारखे काहीच हाती नसते. अशा वेळी त्याचा हात आपोआप रुग्णाच्या पायांकडे जातो आणि तो हळूहळू पाय चेपू लागतो.

ही आपल्याकडील फार जुनी रीत आहे. अलीकडे शहरांतून याच रीतीशी मिळतीजुळती अशी एक पद्धती ‘रिफ्लेक्सॉलॉजी’ या नावाने प्रसार पावली आहे. तिचे वर्ग भरतात, तळपायांचे रंगीत तक्ते विकत मिळतात आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर बरा व्हावा म्हणून तिच्या जाणत्यांस घरी बोलावण्याचाही प्रघात पडू लागला आहे. या पद्धतीचे मूळ काय, तिच्यात तथ्य किती आणि रुग्णाच्या घरच्या माणसांनी काय करावे व काय टाळावे, या तीन प्रश्नांचा आज आपण विचार करू. प्रस्तुत वक्ता वैद्य नव्हे, शाळामास्तर आहे. तेव्हा येथे सांगितलेले कोणतेही वचन आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याहून वरचढ मानू नये, हे आरंभीच सांगितलेले बरे.

प्रथम मूळ पाहू. हिच्या पुरस्कर्त्यांपैकी कित्येक तिचा उगम प्राचीन इजिप्तमध्ये असल्याचे सांगतात. सक्कारा येथील अंखमाहोर नामक अधिकाऱ्याच्या थडग्यात हातापायांवर काही उपचार चालल्याचे चित्र कोरलेले आहे, ही गोष्ट खरी. परंतु तो उपचार नेमका कोणता, हे चित्रावरून ठरवणे कठीण आहे. आज प्रचारात असलेल्या पद्धतीचा निश्चित इतिहास मात्र शंभरएक वर्षांपलीकडे जात नाही. अमेरिकेतील हार्टफोर्ड या गावी विल्यम फिट्झजेराल्ड नावाचे कान, नाक व घसा यांचे डॉक्टर होते. शरीराच्या एका ठिकाणी दाब दिला असता दुसऱ्या ठिकाणची वेदना उणावते, असे त्यांच्या पाहण्यात आले. त्यावरून त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले आणि 1917 साली एडविन बोवर्स यांच्या साहाय्याने या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे युनिस इंगहॅम नामक अमेरिकन बाईंनी हे पट्टे तळपायांवर उतरवून तेथे सर्व अवयवांची स्थाने नेमून दिली. त्यांचे पुस्तक 1938 साली निघाले. आज भिंतीवर टांगलेले जे तक्ते आपण पाहतो ते बव्हंशी या बाईंच्या आराखड्याचे वंशज होत. अंगठ्यात मस्तक, पायाच्या आतील कडेस पाठीचा कणा, उजव्या तळव्यावर यकृत, डाव्यावर हृदय व प्लीहा, टाचेत ओटीपोट, अशी ही वाटणी आहे. ज्या अवयवाचे स्थान दाबावे त्या अवयवास आराम पडतो, हा या पद्धतीचा मूळ सिद्धान्त.

आपल्याकडील पादाभ्यंग ही निराळी गोष्ट आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात पायांस तेल चोळण्याचे गुण वर्णिले आहेत. त्याने पायांचा खरखरीतपणा, ताठरता, शीण व बधिरता जाते, पायांस बळ येते आणि दृष्टीसही ते हितकर असते, असा त्याचा आशय. वाग्भटानेही मस्तक, कान व पाय यांस तेल विशेषेकरून लावावे असे म्हटले आहे. उन्हाळ्यात तळपायांची आग होऊ लागली की तूप लावून काशाच्या वाटीने तळवे घासण्याची आमच्या आजीची पद्धत याच परंपरेतील. पण अमुक बिंदूत यकृत आणि तमुक बिंदूत मूत्रपिंड, असा तळपायाचा नकाशा या आचार्यांनी काढलेला नाही. इतकेच नव्हे, तर अजीर्ण झालेल्याने किंवा कफाने पीडित असलेल्याने अभ्यंग वर्ज्य करावा, असा इशाराही वाग्भटाने दिला आहे. चांगली वस्तूदेखील सर्वांस सर्वकाळ चांगली नसते, हे त्या काळच्या वैद्यांस ठाऊक होते.

आता तथ्याकडे वळू. मानवी पायात 26 हाडे आहेत. तळव्याच्या कातडीत संवेदना ग्रहण करणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांची मोठी दाटी आहे. हे तंतू पोटरीमागून, मांडीमागून वर जात जात कमरेच्या खालच्या भागात पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूस मिळतात आणि तेथून संदेश मेंदूकडे जातो. तळव्यावरील एखाद्या बिंदूपासून निघून थेट यकृतास किंवा हृदयास जाणारा तंतू शरीरशास्त्रज्ञांस सापडलेला नाही. मी वर्गात भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा लावून मुलांस नद्या दाखवीत असे. नकाशावर गंगेवर बोट ठेवले म्हणून गंगेस पूर येत नाही, हे लहान मुलासही समजे. तळपायाच्या नकाशाविषयी प्रौढ माणसे मात्र हा विवेक पुष्कळदा विसरतात.

तळपाय डॉक्टरांस काही सांगतच नाही, असे मात्र नव्हे. बाबिन्स्की या फ्रेंच वैद्याने 1896 साली दाखवून दिले की, तळव्याच्या बाहेरच्या कडेवरून बोथट वस्तू ओढली असता निरोगी प्रौढ माणसाची बोटे खाली वळतात. परंतु मेंदूतून किंवा मज्जारज्जूतून येणाऱ्या मार्गास इजा झाली असल्यास अंगठा वर उचलला जातो. तान्ह्या मुलांत अंगठा वर जाणे हे स्वाभाविकच असते. ही खरीखुरी प्रतिक्षिप्त क्रिया. ती कोणीही, कोठेही करून पाहावी. उत्तर तेच येते. एखाद्या सिद्धान्तास शास्त्र म्हणावयाचे ते अशा कसोटीवर उतरल्यावर.

येथे एक ऐकलेली हकीकत सांगतो. एका ओळखीच्या घरी गृहिणीचे पित्ताशय शस्त्रक्रिया करून काढले होते. तक्ता घेऊन आलेल्या गृहस्थांनी त्यांच्या उजव्या तळव्यावर बोट रोवले. बाईंनी पाय आखडून घेतला. तेव्हा, “पित्ताशय अजून अशक्त आहे, दहा बैठका घ्याव्या लागतील,” असा निर्णय त्या गृहस्थांनी दिला. पित्ताशय तर आठवड्यापूर्वीच शरीरातून निघून गेले होते! जो अवयव जागेवर नाही त्याची अशक्तता पायात कशी उमटावी, हा प्रश्न घरातील शाळकरी मुलीने विचारला, आणि दहा बैठकांचा खर्च वाचला.

मग या मर्दनाने रुग्णांस आराम वाटतो तो का? कारण आराम वाटतो, ही गोष्ट खोटी नाही. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या 18 रुग्णांच्या हातापायांस प्रत्येकी पाच पाच मिनिटे, म्हणजे एकंदर वीस मिनिटे, मर्दन करण्यात आले. त्यानंतर त्यांनी स्वतः सांगितलेल्या वेदनेच्या मापात चांगली घट दिसली. अशा पाहण्या नंतरही पुष्कळ झाल्या. परंतु त्या वाचताना एक मेख ध्यानात ठेवली पाहिजे. वर्गातील निम्म्या मुलांस मी रोज शाळेनंतर जवळ बसवून नव्या पद्धतीने गणित शिकवले आणि ती मुले पुढे गेली, तर ते यश नव्या पद्धतीचे की जवळ बसवण्याचे? हे ठरवावयाचे असेल तर उरलेल्या निम्म्या मुलांसही तितकाच वेळ जवळ बसवून जुन्याच पद्धतीने शिकवले पाहिजे. तद्वत तक्त्यातील बिंदूंचा गुण पाहावयाचा, तर दुसऱ्या गटातील रुग्णांस तितकाच वेळ, तितक्याच मायेने, परंतु तक्त्याकडे न पाहता साधे मर्दन केले पाहिजे. वर सांगितलेल्या पाहणीत असा दुसरा गट नव्हता.

अशी तुलना करणारी एक महत्त्वाची चाचणी 1999 साली युरोपात प्रसिद्ध झाली. स्त्रीरोगांसाठी पोटावर शस्त्रक्रिया झालेल्या 130 स्त्रियांचा तीत समावेश होता. काहींस रिफ्लेक्सॉलॉजीच्या पद्धतीने बिंदू दाबून उपचार केला, काहींस पायांचे साधे मर्दन केले आणि काहींशी नुसते बोलणे केले. निष्कर्ष विचार करण्याजोगा निघाला. साधे मर्दन स्त्रियांस सुखद व विश्रांतीदायक वाटले. बिंदूदाबाचे परिणाम मात्र संमिश्र आले. काही तर प्रतिकूलही होते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ताज्या दिवसांत त्याने क्वचित पोटदुखी उद्भवते, सबब अशा वेळी तो उपचार करू नये, असा सल्ला अभ्यासकांनी दिला. पुढे 2009 साली इंग्लंडमधील एडझार्ड अर्न्स्ट यांनी निरनिराळ्या रोगांवरील 18 चाचण्या एकत्र तपासल्या. कोणताही रोग या पद्धतीने बरा होतो असे पटवून देणारा पुरावा त्यांस आढळला नाही.

यावरून निघणारा अर्थ निराशाजनक नाही. उलट घरच्या माणसांस तो उत्साह देणारा आहे. गुण तक्त्यात नसून हातात आहे. त्याची कारणेही आता बरीच उमगली आहेत. मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 साली वेदनेविषयी एक उपपत्ती मांडली. तिचा मथितार्थ असा की, मज्जारज्जूत जणू एक दरवाजा आहे. स्पर्शाचे व चोळण्याचे संदेश तेथे आले म्हणजे वेदनेच्या संदेशास वाट अरुंद होते. गुडघा आपटला की आपण तो लगेच चोळतो, याचे मर्म हेच. तळपाय व पोटावरील जखम यांचे तंतू एकाच ठिकाणी मिळत नसल्यामुळे या उपपत्तीने सर्व उलगडा होत नाही, हे खरे. तथापि वेदना ही केवळ जखमेत नसते. भीती, एकलेपणा, निद्रानाश यांनी ती वाढते आणि धीर, सोबत, विसावा यांनी उणावते. ओळखीचा ऊबदार हात पायावर फिरू लागला की श्वास संथ होतो, आखडलेले अंग सैल पडते, लक्ष जखमेवरून हलते. औषधाची जागा हा हात घेणार नाही. पण औषधाच्या दोन मात्रांमधला काळ तो सुसह्य करील.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे सावधगिरी. शस्त्रक्रियेनंतर मनुष्य निश्चल पडून राहतो आणि त्याच दिवसांत त्याच्या रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यामुळे पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल नीलांत रक्ताची गाठ होण्याचे भय असते. ही गाठ सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकली तर क्षणात प्राणावर बेतते. पायातील गाठीचा व फुप्फुसातील अडथळ्याचा हा संबंध जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिला. एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, कढत किंवा लालसर झाली, तर “शिरेवर शीर चढली असेल” असे म्हणून ती चोळू नये. पायास हातही न लावता तत्काळ डॉक्टरांस कळवावे. एकाएकी धाप लागली, छातीत दुखू लागले, तर क्षणाचाही विलंब लावू नये. कधी कधी अशी गाठ कोणतेही बाह्य लक्षण न दाखवता असते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पोटरी रगडणे मुळीच नको. मर्दन घोट्याच्या खालीच ठेवावे आणि तेही शस्त्रवैद्यांस विचारूनच.

दुसरी सावधगिरी मधुमेही रुग्णांविषयी. पुष्कळ वर्षांच्या मधुमेहाने पायांची संवेदना मंद होते. अशा मनुष्यास दाब अधिक झाला तरी कळत नाही, तेल कढत असले तरी चटका जाणवत नाही. आणि लहानशी जखमदेखील भरता भरत नाही. कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला असेल तर हीच अडचण काही तास प्रत्येक रुग्णास असते. तेव्हा संवेदना पूर्ण परत येईपर्यंत पाय शेकू नयेत व दाबूही नयेत. हृदयाच्या शस्त्रक्रियेत पुष्कळदा पायातील नीला काढून हृदयास जोडतात. त्या पायावर लांब जखम असते, तिच्या आसपास हात नेऊ नये. रक्त पातळ राखण्याची औषधे चालू असतील तर जोराच्या दाबाने कातडीखाली रक्त साकळते. ताप, पायावरील फोड, कातडीचा दाह, मोडलेले हाड, यांपैकी काहीही असल्यास मर्दन वर्ज्य समजावे. पायांत घट्ट मोजे घालावयास दिले असतील तर विचारल्यावाचून ते काढू नयेत.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर कृती अगदी साधी आहे. प्रथम हात साबणाने स्वच्छ धुवावेत, नखे कापलेली असावीत, अंगठी काढून ठेवावी. रुग्ण ज्या स्थितीत स्वस्थ पडला असेल त्याच स्थितीत राहू द्यावा. हाताच्या तळव्यावर चार थेंब कोमट तेल घेऊन एक पाय दोन्ही हातांत अलगद धरावा आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवावा. मग बोटांकडून घोट्याकडे संथपणे हात फिरवावा. एकेक बोट हलकेच चोळावे. अंगठ्याने तळव्यावर लहान लहान वर्तुळे काढावीत. दाब किती असावा? पिकलेला आंबा पारखताना आपण जेवढा देतो तेवढाच. प्रत्येक पायास पाच मिनिटे पुरेत. मध्येच रुग्णाने भुवया आवळल्या, तर न विचारता थांबावे. त्या वेळी घरगुती तक्रारी किंवा दुसऱ्यांच्या शस्त्रक्रियांच्या भयंकर कथा सांगू नयेत. फ्लोरेन्स नाइटिंगेल बाईंनी 1859 साली निघालेल्या आपल्या परिचर्येच्या पुस्तकात भेटीस येणाऱ्यांच्या पोकळ धीरावर व उपदेशावर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे, ते उगाच नव्हे. शेवटी तळवा कोरड्या पंचाने नीट पुसून काढावा. हे कलम लहान दिसते, परंतु तेलकट पायाने रुग्ण न्हाणीघरात घसरला म्हणजे एका शस्त्रक्रियेच्या दोन होतात.

आणखी एक गोष्ट. पूर्वी शस्त्रक्रियेनंतर रुग्णास आठवडेच्या आठवडे अंथरुणास खिळवून ठेवीत. रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरांनी 1947 साली अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहून या रूढीवर प्रहार केला. पुढे 1990 नंतरच्या दशकात डेन्मार्कचे शस्त्रवैद्य हेन्रिक केलेट यांनी रुग्णास लवकर उठवून, लवकर खावयास देऊन, लवकर घरी पाठवण्याची पद्धतशीर योजना घालून दिली. आज बहुतेक रुग्णांस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवतात. पडल्या पडल्या घोटे वरखाली हलवावयास सांगतात, कारण पोटरीचे स्नायूच नीलांतील रक्त वर ढकलतात. हे काम चोळणाऱ्याच्या हाताने होत नाही. रुग्णाच्या स्वतःच्या हालचालीनेच होते. तेव्हा मायेपोटी, “पडून राहा, मी पाय चेपतो,” असे म्हणू नये. पाच मिनिटे पाय चेपावेत आणि मग त्याच हाताचा आधार देऊन त्यास दहा पावले चालवावे.

आपल्या समाजात पायांस हात लावण्यास मानाचा अर्थ आहे. धाकट्यांनी वडिलांचे पाय चेपावेत, ही रीत; उलट झाले तर संकोच वाटतो. शस्त्रक्रिया झालेला तरुण मुलगा वडील पायाशी बसले की पाय ओढून घेतो. सासू सुनेच्या पायास हात लावावयास कचरते. आजारपणात हा संकोच दोघांनीही बाजूस ठेवावा. लहानपणी ज्या आईने आपले पाय चोळले तिचे हात आपण मोठे झालो म्हणून परके होत नाहीत.

सारांश, तळपायाचा तक्ता रोग सांगतो किंवा बरा करतो, यावर विसंबून औषध, तपासणी अथवा डॉक्टरांची भेट कोणी चुकवू नये. कोणी तसे सांगू लागल्यास त्यास नम्रपणे निरोप द्यावा. दुखणे अकस्मात वाढले तर ते चोळून दडपू नये, कळवावे. परंतु डॉक्टरांची अनुज्ञा घेऊन, स्वच्छ हाताने, हलक्या दाबाने केलेले पायांचे मर्दन ही रुग्णास देता येण्याजोगी एक निरुपद्रवी व सुखकर सेवा आहे. तिला बैठकीचा दर नाही आणि तक्त्याचीही गरज नाही. आपल्या घरी असा प्रसंग आला तर रुग्णालयातून निघण्यापूर्वी डॉक्टरांस एवढा प्रश्न अवश्य विचारावा की, “यांचे पाय चेपले तर चालतील काय, आणि कोठपर्यंत?” त्यांचे उत्तर कागदावर लिहून घ्यावे आणि रात्री जो कोणी सोबतीस बसेल त्याच्या हाती तो कागद द्यावा.